पाचवीपर्यंतच्या हजार सकाळी

जुन्या दिल्लीत सदर बाजारला लागून ‘बाडा हिंदूराव’ नावाची गजबजलेली वस्ती आहे आणि तिथून उत्तरेला, रिजच्या टेकाडावर, हिंदूराव रुग्णालय. वर्षानुवर्षं दिल्लीत राहिलेल्या लोकांनाही हा हिंदूराव कोण ते माहीत नसतं. तो आपलाच. कागलच्या घाटग्यांचा मुलगा, दौलतराव शिंद्यांच्या राणी बायजाबाईंचा भाऊ. विल्यम फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाला, त्यानंतर त्याची टेकडीवरची कोठी हिंदूरावांनी घेतली. १८५७ च्या वेढ्यात तिने तोफगोळे खाल्ले आणि पुढे त्याच जागी दवाखाना उभा राहिला. ‘बाडा’ हा शब्द कानावर पडला की मराठी माणसाला आपला वाडा आठवतोच.

हा दवाखाना महापालिकेचा आणि खालच्या गल्ल्यांमधल्या प्राथमिक शाळाही महापालिकेच्याच. पहिली ते पाचवी. जागा अपुरी म्हणून एकाच इमारतीत बऱ्याचदा दोन पाळ्या भरतात. मधल्या सुट्टीच्या सुमाराला हातगाड्या, हमाल आणि ई-रिक्षांमधून वाट काढत एक टेम्पो येतो. त्यातून घट्ट झाकणांची स्टीलची मोठी भांडी उतरतात. कधी राजमा-चावल, कधी कढी-चावल, कधी पुरी-भाजी. पोरं घरून आणलेला डबा पुढे करतात, ताई पळी रिकामी करते, वीस मिनिटांत भांडी पालथी.

आता कोडं असं. ही मुलं काही रानात राहत नाहीत. आईबाप कष्टाचे असले तरी घरी चूल पेटते, दोन घास मिळतात. मग पळीभर राजमा-चावलावर मूल शाळेत टिकेल की मध्येच गळेल, हे कसं ठरावं? पोटाचा आणि पाचवी पास होण्याचा संबंध नेमका कुठल्या वाटेने जुळतो?

फुकटची शाळा महाग का पडते

शाळेची फी नसते, पुस्तकं मिळतात, गणवेशाचे पैसे मिळतात. तरीही शाळा फुकट नसते. सात-आठ वर्षांचं मूल घरी राहिलं तर धाकट्याला सांभाळतं, टँकर आला की पाणी भरतं, बापाच्या गाडीवर बसून मालाची राखण करतं. या कामाला कुणी मजुरी देत नाही, पण ते मूल शाळेत गेलं की कुणाला तरी ते करावं लागतं. ही शाळेची छुपी फी आणि ती रोज सकाळी भरायची असते.

‘रोज सकाळी’ हे इथे महत्त्वाचं. मुलाला शाळेत घालणं हा निर्णय आपण एकदाच होणारा समजतो. जूनमध्ये नाव घातलं, झालं. प्रत्यक्षात नाव घालणं सोपं असतं, अवघड असते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचं वर्ष किमान २०० दिवसांचं. पाच वर्षांचे झाले १,००० दिवस. म्हणजे प्राथमिक शाळा पुरी करायची तर घरातल्या कुणीतरी हजार सकाळी ‘आज जा’ म्हणायचं, आणि मुलानेही हजार वेळा उठायचं. शाळेतलं जेवण काही जादू करत नाही. या हजार सकाळींपैकी काही सकाळी ते ‘राहू दे आज’ला हरवतं, एवढंच.

दंड की डबा

हे गणित आपल्याकडे फार पूर्वी एका राजाने ओळखलं होतं आणि योगायोगाने तोही कागलच्या घाटग्यांच्याच घरात जन्मलेला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळातला रुपया! दंडामुळे मूल घरी ठेवणं महाग पडतं. जेवण याच तराजूच्या दुसऱ्या पारड्यात बसतं, कारण त्याने मूल शाळेत पाठवणं स्वस्त होतं. मात्र दंड वसूल करायला यंत्रणा लागते आणि ज्याच्या खिशात रुपयाच नाही त्याच्यापुढे ती हात टेकते. जेवणाची वसुली पोर स्वतःच येऊन करतं.

ही वाट देशात आधी चोखाळली ती तमिळ मुलखाने. कामराज मुख्यमंत्री असताना १९५० च्या दशकात शाळांत जेवण सुरू झालं, १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ते फार मोठ्या प्रमाणावर नेलं. केंद्राची योजना आली १५ ऑगस्ट १९९५ ला. पण ती कागदावर जेवणाची असली तरी बहुतेक राज्यांत जेवण शिजत नव्हतं. तिथे जे वाटलं जात होतं ते समजून घेतलं की सगळी मेख कळते.

तीन किलो धान्य आणि एक गरम ताट

सुरुवातीच्या योजनेत बहुतेक ठिकाणी महिन्याला ३ किलो कोरडं धान्य मिळे. अट अशी की हजेरी ८० टक्के हवी. पिशवीत घालून घरी न्यायचं.

वरकरणी यात चूक काय? धान्य तर तेच. पण ३ किलो धान्य घरच्या डब्यात पडलं की ते कुणाचं ते उरत नाही. पाच माणसांच्या घरात चार दिवसांत संपतं. शाळेत गेलेल्या पोराच्या वाट्याला त्यातलं काय येतं, देव जाणे. शिवाय बक्षीस महिनाअखेरचं आणि सकाळ तर आजची. आज दांडी मारली म्हणून आजचं काहीच बुडत नाही. आणि महिन्याच्या शेवटी हजेरी ७२ टक्के भरली म्हणून कुठला गुरुजी गरिबाच्या पोराला रिकामी पिशवी घेऊन परत पाठवेल? दोन-चार रेघा वाढत. अट अशी आपोआप विरघळे.

शिजवलेलं ताट हा वेगळाच सौदा आहे. आज आलास तर आज जेवशील, नाही आलास तर नाही. नोंदवहीत खाडाखोड करून काल न खाल्लेली खिचडी पोटात जात नाही. ते धान्य दुसऱ्या कुणाच्या वाट्यालाही जाऊ शकत नाही, कारण ते पोराच्या तोंडातच संपतं. मासिक पगार आणि रोजंदारी यांत जो फरक तोच. रोजच्या पैशावर जगणाऱ्या घराला रोजंदारीची भाषा चटकन कळते.

२८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात आदेश दिला, की प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेलंच जेवण द्या. किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातून किमान २०० दिवस. तेच २०० दिवस.

दिल्लीत पाण्याची पाळी

दिल्ली महापालिकेच्या शाळांत तोवर बिस्किटं, बन असला पाकीटबंद खाऊ मिळे. आदेशानंतर, २००३ च्या सुमारास, तिथे टप्प्याटप्प्याने शिजवलेलं जेवण आलं. काही शाळांत आधी, काहींत नंतर. हे पुढेमागे होणं प्रशासनाच्या दृष्टीने ढिलाई असेल, पण अभ्यासकांना ते घबाड होतं. कालव्याच्या पाण्याची पाळी आठवा. वरच्या शेताला या आठवड्यात पाणी, खालच्याला पुढच्या पंधरवड्यात. मधल्या काळात दोन्ही शेतं शेजारी शेजारी पाहिली की पाण्याने पिकाचं काय केलं ते स्पष्ट दिसतं. ऊन, वारा, जमीन सगळं सारखं, फरक फक्त पाण्याचा.

फर्जाना आफ्रिदी, बिदिशा बारुआ आणि रोहिणी सोमनाथन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं. सोमनाथन ज्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवतात ते हिंदूरावच्या टेकडीच्या पलीकडेच आहे. त्यांनी महापालिका शाळांची हजेरीपुस्तकं घेतली आणि एकेका मुलाची हजेरी उतरवून काढली. पाकिटाच्या जागी गरम जेवण आल्यावर हजेरी शंभरात सुमारे ३ ने वाढल्याचं त्यात दिसलं, तेही दर मुलामागे जवळपास जादा खर्च न होता. परिणाम ठळक दिसला तो लहान वर्गांत.

‘फक्त तीन?’ असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण २०० दिवसांत ३ टक्के म्हणजे वर्षाला ६ दिवस, पाच वर्षांत ३० दिवस. शाळेचा सव्वा महिना. शिवाय ही सरासरी आहे. जे मूल एरवीही रोज येतंच, त्याच्या हजेरीत भर पडायला जागा नसते. तेव्हा ही वाढ मुख्यतः दांड्या मारणाऱ्यांच्या खात्यातली, म्हणजे गळती जिथून सुरू होते तिथली. आणि तुलना उपाशी शाळेशी नव्हती, बिस्किटाच्या पाकिटाशी होती, हेही ध्यानात ठेवायला हवं.

> चौकट: एका ताटात काय असतं?
>
> प्राथमिकच्या मुलासाठी सध्याचं माप: १०० ग्रॅम तांदूळ किंवा गहू, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सगळी मापं कच्च्या मालाची. १०० ग्रॅम तांदळाचा भात फुलून अडीच-तीनपट होतो.
>
> उष्मांकांचा हिशेब ढोबळ असा: धान्यातून सुमारे ३४५, डाळीतून ७०, तेलातून ४५, भाजीतून थोडे. ठरवलेलं लक्ष्य ४५०. प्रथिनांचं लक्ष्य १२ ग्रॅम, त्यातला मोठा भाग धान्याचाच, डाळीचे जेमतेम साडेचार ग्रॅम. सहावी ते आठवीला हेच माप दीडपट.
>
> धान्य केंद्राकडून वेगळं येतं. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी मे २०२५ पासूनचा दर प्राथमिकच्या मुलामागे ६ रुपये ७८ पैसे. स्वयंपाकी-मदतनीसाचं केंद्राने ठरवलेलं मानधन २००९ पासून महिना १,००० रुपये, तेही वर्षाचे दहा महिने. काही राज्यं त्यात भर घालतात.

घास पोटात गेल्यावर

मूल शाळेत आलं. पण नुसतं बाकावर बसणं म्हणजे शिकणं नव्हे. इथे जेवणाची दुसरी वाट सुरू होते आणि ती डोक्यातून जाते.

मोठ्या माणसाचा मेंदू शरीराच्या विश्रांतीतल्या ऊर्जेपैकी साधारण पाचवा हिस्सा घेतो. पाच वर्षांच्या आसपासच्या मुलाचा मेंदू दिवसभराच्या ऊर्जेतला चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा ओढतो. घर बांधकामावर असताना विजेचं बिल जसं फुगतं तसं. याच वयात अक्षरओळख व्हायची असते, हातचे घ्यायला शिकायचं असतं. साठवणीचा डबा मात्र लहान असतो. छोट्या यकृतात साखरेचा साठा कमी मावतो, म्हणून उपास मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर जाणवतो. उपाशी मूल मठ्ठ होत नाही, ते चिकाटी सोडतं. सोपं गणित करतं, अवघड आलं की पेन्सिल ठेवून खिडकीबाहेर बघतं.

याच तीन अभ्यासकांनी दिल्लीत हेही तपासलं. जेवण सहावी ते आठवीला लागू झालं त्या सुमारास त्यांनी सातवीच्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली, सोपी ते अवघड अशा चढत्या क्रमाने. जेवण मिळालेल्या मुलांनी कोडी जास्त नेटाने सोडवली. अशा कोड्यात पाठांतर कामी येत नाही, आधीचा अभ्यास कामी येत नाही. दिसतं ते फक्त लक्ष आणि नेट.

सुटलेला टाका

आता गळती. मूल शाळा सोडतं म्हणजे एका सकाळी दप्तर फेकून देतं असं नसतं. विणकाम करणाऱ्या बाईला विचारा, सुई निसटून एक टाका सुटला की लगेच काही दिसत नाही. चार ओळी पुढे गेल्यावर भोक दिसतं, आणि तोवर उसवावं लागतं सगळंच.

दुसरीत आठ दिवस दांडी झाली, त्याच आठ दिवसांत वर्गात हातच्याची वजाबाकी झाली. पोर परत आलं तेव्हा बाई पुढे गेलेल्या. तिसरीत भागाकार, भागाकाराच्या पोटात वजाबाकी. पोराला कळत नाही. विचारायची लाज वाटते. पहिल्या बाकावरून ते मागे सरकतं. न कळणाऱ्या ठिकाणी पाच तास बसणं ही शिक्षाच, म्हणून दांड्या वाढतात, दांड्यांनी टाके आणखी सुटतात. चौथीपर्यंत घरचेही म्हणू लागतात, याचं डोकं चालत नाही, कामाला तरी लावू. शेवटचा निर्णय चौथीत होतो, पण त्याचा उगम दुसरीतल्या त्या आठ दिवसांत असतो. म्हणूनच लहान वर्गांतली हजेरी वाढण्याला एवढी किंमत आहे.

तनिका चक्रवर्ती आणि राजश्री जयरामन यांनी ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या सर्वेक्षणांतून ग्रामीण भारतातल्या मुलांची आकडेवारी तपासली. ज्यांना प्राथमिक शाळेत पाच वर्षांपर्यंत जेवण मिळालं, त्यांचे वाचनाचे गुण वर्षभराहूनही कमी काळ जेवण मिळालेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघाले, गणिताचे ९ टक्क्यांनी. परिणाम साचत जातो, असा याचा अर्थ. दोन महिन्यांच्या जेवणाने काही होत नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी मुदत ठेवीचं व्याज दुसऱ्याच महिन्यात मोजायला घेतलेलं असतं.

इथे एक कबुली द्यायला हवी. जेवणाने नाव नोंदणी वाढते, हजेरी वाढते, लक्ष लागतं, हे अभ्यासांतून बऱ्यापैकी पक्कं झालंय. ‘पाचवी पूर्ण केली’ हा आकडा मात्र फसवा असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर बरीच वर्षं कुणाला नापास करायचंच नव्हतं, त्यामुळे पटावर नाव असलं की मूल आपसूक वर सरकायचं. हजेरीत नसलेलं मूलही कागदावर पाचवी ‘पूर्ण’ करू शकतं. पट आणि हजेरी यांतलं अंतर मोजायचं तर गुरुजींचं रजिस्टर बघू नका, पंगत मोजा.

मुलींच्या बाजूने झुकतं माप

आफ्रिदींच्याच मध्य प्रदेशातल्या अभ्यासात लहान वर्गांतल्या मुलींची हजेरी शंभरात १० हून जास्त वाढलेली दिसली. मुलग्यांची वाढ मात्र ठामपणे सांगता येईल इतकी नव्हती. कारण घरच्या गणितात आहे. घरकामाला हाताशी असते ती मुलगी, म्हणून तिची छुपी फी जास्त आणि ‘राहू दे आज’ तिच्याच वाट्याला जास्त येतं. त्यात शाळेत जेवण असलं की कामावर जाणाऱ्या आईची दुपारची एक काळजी मिटते. पोरगी सांभाळलीही जाते आणि जेवतेही. शाळेत जेवलेल्या मुलांना घरी तेवढंच कमी वाढलं जातं, अशी शंका नेहमी काढली जाते. त्याच भागात मुलांचं दिवसभराचं खाणं मोजल्यावर दिसलं, की शाळेतल्या घासांतला निदान अर्धा भाग तरी निव्वळ भर असतो.

२०२१ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेल्या एका भारतीय अभ्यासाने तर पुढची पिढी मोजली. लहानपणी शाळेत जेवलेल्या मुली पुढे आया झाल्या, तेव्हा त्यांच्या मुलांची उंची वयाच्या मानाने चांगली भरली.

ताट जिथे पोचत नाही

जेवण शाळेत असतं, मूल गावात नसलं तर त्याचा काय उपयोग? बीडच्या ऊसतोड कुटुंबांना विचारा. दिवाळीच्या आगेमागे नवरा-बायकोचा कोयता कारखान्याच्या फडावर निघतो तो उन्हाळ्यापर्यंत परतत नाही. पोरगं बरोबर गेलं की २०० पैकी जवळजवळ निम्मे दिवस गेले. गावच्या शाळेत खिचडी शिजत असते, पण रात्रीच्या भाकरीचं काय? म्हणून हंगामी वसतिगृहांची तोड निघाली. मूल गावातच, आजीकडे किंवा चुलत्याकडे राहील आणि त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय सरकार करेल. दुपारच्या ताटाने न सुटलेलं गणित आणखी दोन ताटांनी सोडवायचं. जिथे ही वसतिगृहं वेळेवर सुरू होतात तिथे पोरं राहतात. कोयता निघून गेल्यावर मंजुरी आली, तर कुणाला ठेवायचं?

बाडा हिंदूरावसारख्या वस्तीत हीच अडचण वेगळ्या रूपात येते. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं छठला, लग्नाला, कापणीला गावी जातात, परतायला महिना-दीड महिना. तिथलं ताट इथल्या पटावरच्या पोराला मिळत नाही. आणि महापालिकेची शाळा पाचवीला संपते. सहावीसाठी दिल्ली सरकारच्या शाळेत जायचं, नवी इमारत, नवी पाळी, दाखला, आधार, फॉर्म. या उंबरठ्यावर जे मूल अडतं ते भुकेने नव्हे, कागदाने अडतं. राजम्याचा तिथे काही इलाज नाही.

विश्वासाचंही तसंच. जुलै २०१३ मध्ये बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी कीटकनाशक मिसळलेलं जेवण खाऊन २३ मुलं दगावली. त्यानंतर कितीतरी आयांनी पोरांना ‘घरूनच खाऊन जा’ म्हणून बजावलं असेल. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने स्वतः चव घ्यायची, हा नियम म्हणूनच महत्त्वाचा. महाराष्ट्रातल्या खेड्यांत बचत गटाच्या बाया शाळेच्या कोपऱ्यातच खिचडी शिजवतात. कुणाची आई, कुणाची मावशी, ती बिघडलेलं वाढणार नाही हा भरवसा असतो. आणि अकरा वाजता फोडणीचा वास वर्गात शिरतो, ती वेगळीच घंटा! दिल्लीत संस्थांची मध्यवर्ती स्वयंपाकघरं दूर कुठेतरी पहाटेपासून हजारोंचं शिजवतात. माप नेमकं, खर्च आटोक्यात, पण झाकण उघडेपर्यंत वास नाही. पुरी गार झालेली. मला विचाराल तर खिचडीचा कोपरा बरा. पण बाडा हिंदूरावच्या शाळांत कोपरा आणायचा कुठून, हाही प्रश्न खराच.

पहिल्या घंटेआधी

एक गोष्ट मात्र नव्याने लक्षात येऊ लागली आहे. जेवण येतं मधल्या सुट्टीत. भूक त्याच्या आधी येते. सकाळच्या पाळीची मुलं चहा-बिस्किटावर निघतात, कित्येक तेवढंही न घेता. भाषा आणि गणित हे अवघड तास बहुधा पहिलेच असतात. तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ पासून मदुराईहून सकाळच्या न्याहारीची योजना सुरू केली ती याच हिशेबाने. पोंगल, उपमा, रवा किचडी, शाळा भरण्याआधी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही न्याहारीची शिफारस आहे, पण देशभर तिला पैसे मिळालेले नाहीत.

तेव्हा हिंदूरावच्या टेकडीखाली सकाळची शाळा भरते ती अशी: फळ्यावर हातच्याची वजाबाकी, दप्तरात धुतलेला रिकामा डबा, आणि टेम्पो अजून सदर बाजारच्या गर्दीत अडकलेला.